वाचकांचे प्रश्न : व्हायोलेट पामर यांची कारकीर्द

प्रश्न : अमेरिकेतील एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये महिला पंचाची पहिली नेमणूक गुणवत्तेवर झाली की केवळ प्रसिद्धीसाठी, यावरून आमच्या मित्रमंडळीत दोन तट पडले आहेत. वस्तुस्थिती काय आहे?

उत्तर : एनबीएने १९९७ मध्ये व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या दोघींना एकाच वेळी पंच म्हणून नेमले. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी व्हँकुव्हर ग्रिझलीज आणि डॅलस मॅव्हरिक्स यांच्या सामन्यात पामर यांनी आधी शिट्टी हाती घेतली आणि पहिलेपणाचा मान त्यांच्याकडे गेला. (ग्रिझलीज संघाचे ठाणे तेव्हा व्हँकुव्हरला असल्यामुळे अमेरिकी क्रीडेतिहासातला हा टप्पा प्रत्यक्षात कॅनडात गाठला गेला.) त्याच वर्षी महिलांची डब्ल्यूएनबीए ही लीग सुरू झाली होती, तेव्हा प्रसिद्धीचा हेतू मुळीच नसेल असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि नेमणुकीमागचा हेतू आणि नेमलेल्या व्यक्तीची पात्रता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि आपल्या मित्रमंडळीतला वाद बहुधा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे रंगला असावा.

पात्रतेचे म्हणाल, तर कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे वाढलेल्या पामर या कॅल पॉली पोमोना विद्यापीठाच्या संघात पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडू होत्या. १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे या विद्यापीठाने महाविद्यालयीन महिला स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. खेळाडू म्हणून कारकीर्द संपल्यावर त्यांनी महाविद्यालयीन महिला सामन्यांत पंचाचे काम केले आणि तिथून त्या एनबीएपर्यंत पोहोचल्या.

खरा पुरावा मात्र नेमणुकीनंतरचा आहे. प्रसिद्धी आठवड्याभरात ओसरते, पण पंचाच्या निर्णयांची तपासणी हंगामभर चालू राहते. पामर यांच्याबरोबरच निवड झालेल्या कँटनर यांना लीगने २००२ मध्ये सेवेतून कमी केले, म्हणजे केवळ देखाव्यासाठी कोणाला सांभाळून घेण्याची लीगची तयारी नव्हती. पामर मात्र २०१६ पर्यंत टिकल्या. साखळी फेरीचे ९१९ सामने त्यांच्या नावावर आहेत. प्लेऑफसाठी, म्हणजे साखळीनंतर विजेतेपदासाठी होणाऱ्या सामन्यांसाठी, हंगामातील कामगिरी पाहून पंचांची निवड होते, आणि २५ एप्रिल २००६ रोजी इंडियाना पेसर्स व न्यू जर्सी नेट्स यांच्या सामन्यात तो मानही मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यासाठी त्यांना नववा हंगाम उजाडावा लागला, हेही नोंदवले पाहिजे. यावरून आपल्या दोन्ही तटांना आपापल्या सोयीचा अर्थ काढता येईल. आमचा कल कोणत्या बाजूला आहे हे एव्हाना लक्षात आलेच असेल.

प्रश्न : सात-सात फूट उंचीच्या खेळाडूंच्या धुमश्चक्रीत एखादी महिला पंच धक्काबुक्कीचे निर्णय अचूक कसे देऊ शकते? शरीरयष्टीचा फरक पडत नाही का?

उत्तर : पंच खेळाडूंशी झुंजत नाही, त्यामुळे शरीरयष्टीचा प्रश्न येतो तो फक्त धावण्यापुरता. ९४ फूट लांबीच्या कोर्टवर ४८ मिनिटांच्या खेळात पुन्हापुन्हा टोके गाठावी लागतात आणि तो दमसास पुरुष पंचालाही कमवावाच लागतो. बाकी सारे अवलंबून असते ते पंच कुठे उभा आहे आणि कुठे पाहतो आहे यावर. एनबीएत तीन पंच असतात. एक बास्केटमागच्या अंतिम रेषेवर, दुसरा आक्रमणाच्या पाठीमागे आणि तिसरा समोरच्या बाजूला फ्री थ्रो रेषेच्या (जिथून दंडाचा मोकळा नेम घेतात ती रेषा) सुमारास उभा राहतो. प्रेक्षकांची नजर चेंडूवर खिळलेली असते. पंचाने मात्र आपल्या वाट्याचा भाग सोडायचा नसतो, मग चेंडू भलतीकडे का असेना.

सर्वांत अवघड निर्णय असतो तो बास्केटकडे झेपावणारा खेळाडू आणि आडवा आलेला बचावपटू यांच्या टकरीचा. इथे अंतिम रेषेवरचा पंच चेंडूवाल्याकडे नव्हे, तर बचावपटूकडे पाहत असतो : नेम धरणारा खेळाडू वर उसळू लागण्यापूर्वी बचावपटूने आपली जागा घेतली होती का, टक्कर त्याच्या छातीवर झाली की तो बाजूने सरकत आला, आणि त्याचे पाय बास्केटखालच्या चार फूट त्रिज्येच्या अर्धवर्तुळात होते का. हे सारे एका क्षणात जोखायचे, मूठ वर करून शिट्टी फुंकायची आणि मग दोन्ही हात कमरेवर ठेवले तर दोष बचावपटूचा, एक हात डोक्यामागे नेला तर आक्रमकाचा. यातले काय पुरुषालाच जमावे, हे आम्हाला तरी सांगता येणार नाही.

विरोध झाला तो अशा तांत्रिक मुद्द्यांवर नव्हताच. चार्ल्स बार्कली यांच्यासारख्या नामवंत खेळाडूने महिला पंचांना सुरुवातीला उघड विरोध केला होता. पुढे २००७ मध्ये, म्हणजे पामर यांना दहा वर्षे होत आली असताना, बॉस्टनच्या सामन्याच्या एका रेडिओ समालोचकाने त्यांना स्वयंपाकघरात परत जाण्याचा सल्ला दिला आणि नंतर माफी मागितली. वाईट निर्णयाबद्दल पंचाला बोल लावणे हा प्रेक्षकांचा जुना हक्क आहे; पण त्याच सामन्यात चुकलेल्या पुरुष पंचाला कोणी घरी जाऊन अंडी तळायला सांगत नाही.

प्रश्न : पामर यांच्यानंतर किती महिला पंच आल्या?

उत्तर : बराच काळ कोणीच नाही. २००२ मध्ये कँटनर गेल्यावर २०१४ मध्ये लॉरेन होल्टकँप यांची पूर्णवेळ नेमणूक होईपर्यंत, तब्बल बारा वर्षे, संपूर्ण लीगमध्ये पामर या एकट्याच महिला पंच होत्या. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका आकडा हाच आहे, कारण एका व्यक्तीने दार उघडले तरी आत येणाऱ्यांना हेरणे आणि घडवणे हे संस्थेचे काम असते, आणि ते त्या काळात पुरेशा गांभीर्याने झाले नाही. २०१४ मध्येच पामर यांनी न्यू ऑर्लिन्स येथील ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक नामवंत खेळाडूंच्या, सामन्यात काम केले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावरही महाविद्यालयीन महिला सामन्यांसाठी पंचांचे व्यवस्थापन करण्याचे काम त्यांच्याकडे होते.

त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. २०१८ मध्ये नॅटली सागो आणि अ‍ॅश्ली मॉयर-ग्लाइश रुजू झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये सागो आणि जेना श्रोडर यांच्या रूपाने तीन पंचांपैकी दोन महिला असलेला पहिला सामना झाला. आणि २०२४ मध्ये मॉयर-ग्लाइश या प्लेऑफमध्ये काम करणाऱ्या दुसऱ्या महिला पंच ठरल्या.