आजोबांचा रॉड तिघांत कसा वाटायचा?

प्रश्न : ताई, आमचे आजोबा इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. सुट्टी मिळाली की दारणेवर गळ टाकायला जायचे. ते गेल्यावर इगतपुरीचं घर रिकामं करताना माळ्यावर, अगदी पत्र्याखाली, त्यांचं सगळं सामान सापडलं. कापडी पिशवीत तीन तुकड्यांचा बांबूचा रॉड, पितळी रीळ आणि त्यावर काळपट दोरा, बिस्किटाच्या डब्यात गळ आणि शिशाच्या गोळ्या, साळिंदराच्या काट्यांचे बोये (दोऱ्याला बांधून पाण्यावर तरंगत ठेवायचे), एक सुती फेकजाळं आणि एक वही. शेडमधला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्यानं हा रॉड दिला, असं आजोबा सांगत. मुठीच्या वर शाईनं बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातलं ‘हार्डी’ एवढं लागतं. बाबा आणि दोन्ही काका म्हणतात, तुकडे तीन आणि भाऊ तीन, प्रत्येकानं एकेक घ्यावा म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. मला ते पटत नाही, पण घरात सगळ्यांत लहान मीच. आणि हे सगळं साफ कसं करायचं? मोठी काकू पितांबरी घेऊन बसलीच आहे.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधी काकूंना थांबवा. समई-ताम्हणाला जे चालतं ते रिळाला चालत नाही. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, यातलं काहीही नको. जुन्या रिळांपैकी काहींवर कारखान्यातूनच काळपट मुलामा चढवलेला असतो. तो मळ समजून घासला की गेला, पुन्हा येत नाही. मुलामा नसला तरी एवढ्या वर्षांच्या हाताळणीनं पितळेवर जी तपकिरी झाक येते, ती ठेवायची असते. भांडी बाजारात नेऊन बफवर चकाकी आणायचा बेत कुणाच्या मनात असेल तर तोही आत्ताच मोडा. हिरवट थर दिसेल तेवढ्याच जागी मऊ सुती फडकं आणि एक थेंब तेल लावा, हलक्या हातानं पुसा आणि थांबा.

आता वाटणीचं. माझं मत स्पष्ट आहे : तुकडे करू नका. रॉडचा बुंधा, मधला आणि शेंडा हे एकमेकांसाठी घासून बसवलेले असतात. बुंध्याच्या तोंडाशी जी पितळी नळी असते तिच्यात मधल्याचं टोक हवा न शिरेल इतकं नेमकं बसतं. शेंडा एका काकांच्या शोकेसमध्ये आणि बुंधा दुसऱ्यांच्या भिंतीवर गेला, तर तिघांकडेही रॉड उरणार नाही, तीन काठ्या उरतील. रीळ, वही, डबा, जाळं यांचंही तेच. वहीत लिहिलेला मासा ज्या गळाला लागला तो गळ डब्यात आहे. दोन्ही एका घरात असतील तरच त्यांचा एकमेकांशी संबंध लागतो.

तुमच्या घरात गणपती पाळीनं येतो का? अनेक घरांत एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष मधल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे असा असतो. त्याच रीतीनं हे सगळं सामान एका पेटीत ठेवा आणि ती पेटी तिन्ही घरांत फिरवा. दिवस मी सुचवते, खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारं-अवजारं काढतोच. इगतपुरीचा पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागते, म्हणजे चार महिने बंद असलेली पेटी उघडून वारा द्यायला तोच काळ योग्य. पेटी उघडायची, एकेक वस्तू तपासायची आणि दसऱ्याला पुढच्या घरी द्यायची. हळद-कुंकू, झेंडू जे वाहायचं ते पेटीवर वाहा. रॉडच्या व्हार्निशवर ओलं कुंकू लागलं तर डाग कायमचा.

बाबांना आणि काकांना हे तुम्हीच सांगा. लहान असलात तरी पत्र तुम्हीच लिहिलंत. आणि ज्याच्याकडे पेटी, त्याला ती जपण्याचं कामही आलं, हे आधीच बोलून घ्या.

आता रॉड. माझे वडील देवळाली कॅम्पात घड्याळं आणि फौजी लोकांची रिळं दुरुस्त करायचे, रॉडही त्यांच्याकडे यायचे. त्यांनी शिकवलेलंच सांगते. हा रॉड म्हणजे अख्खा बांबू नव्हे. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून त्याची षट्कोनी काडी केलेली असते. बोटांत फिरवून पाहा, सहा कडा लागतील. हार्डी ब्रदर्स ही इंग्लंडच्या उत्तरेकडच्या अ‍ॅनिक गावची, १८७२ सालची कंपनी. अशा रॉडना ते ‘पालाकोना’ म्हणत, तुमच्या अक्षरांत तो शब्द लागतो का पाहा. ही अक्षरं बांबूवर शाईनं लिहून वरून व्हार्निश दिलेलं असतं. म्हणून सुतारानं कितीही आग्रह केला तरी पॉलिशपेपर फिरवू देऊ नका. एकदा घासलं की नाव गेलं आणि रॉड कुणाचा, कुठला, हे सांगणारी खूणही गेली. ओल्या फडक्यानं धूळ पुसा, लगेच कोरड्यानं पुसा. मुठीवरचं बूच (कॉर्क) साध्या साबणाच्या फेसानं, जुन्या टूथब्रशनं साफ होतं.

मला काळजी आहे ती माळ्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या रॉडमध्ये पट्ट्या चिकटवायला जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस वापरत. हा सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं सुटतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर वैशाखात उष्णता आणि आषाढात ओलावा, दोन्ही भरपूर. त्यामुळे आधी परीक्षा घ्या. एकेक तुकडा कानाजवळ धरून अगदी थोडा वाकवा. कट्कट् असा बारीक आवाज आला किंवा कडेवर नख अडकलं, तर त्या जागी पट्ट्या सुटल्या आहेत. असा रॉड जपायचा, पाण्यावर न्यायचा नाही. आवाज नसेल तर हलक्या माशासाठी तो अजून चालेल, आणि चालवावा असं मला वाटतं.

शेंडा थोडा वाकडा असेल. कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या रॉडचं असंच होतं. आगीवर धरून सरळ करायचा प्रयत्न नको. पिशवीत घालून शेंड्याच्या टोकाकडून खुंटीला लोंबता ठेवा. वर्षभरात थोडा फरक पडतो, पडला नाही तरी बिघडत नाही. तुकडे एकमेकांत अडकले असतील तर पिळू नका. दोघांनी समोरासमोर धरून सरळ रेषेत ओढायचं. तरी निघाले नाहीत तर सांध्यावर बर्फ धरून पुन्हा ओढा.

गळाचा दोरा ज्यांतून जातो त्या रॉडवरच्या कड्या ज्या रेशमी दोऱ्यानं बांधल्यात तो कुठे सुटला असेल तर फेविक्विक लावू नका. येवल्याला पैठणीच्या विणकराकडून थोडं रेशीम मागून आणा, आपल्याच जिल्ह्यात एवढं चांगलं रेशीम असताना बाहेर शोधायला नको. ताणून, वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळायचं, शेवटचं टोक आधीच ठेवलेल्या फाशातून आत ओढून घ्यायचं, वर व्हार्निशचे पातळ हात द्यायचे. व्हार्निश लागलं की रेशमाचा रंग गडद होतो, म्हणून आधी टाकाऊ काडीवर करून बघा. पण एक पाहा : एखादी बांधणी बाकीच्यांपेक्षा जाड, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची आहे का? शेडमधल्या फिटरनं स्वतःच्या हातानं केलेली दुरुस्ती असू शकते. ती सैल असली तरी सोडवू नका. तिच्यावरून व्हार्निशचा एक पातळ हात द्या, बास. या सगळ्या पेटीत हार्डीच्या नावापेक्षा मला ती बांधणी मोलाची वाटते.

रीळ उघडताना प्रत्येक स्क्रूच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. खाचेत नेमका बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं, ते रॉकेल लावलेल्या काडीनं काढा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल मुळीच नको. ते साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, आणि आपल्याकडची थंडी तर माहीतच आहे. पुढे ते खवट होऊन चिकटतं ते वेगळंच.

काळपट दोरा बहुतेक रेशमी असेल. हातभर उलगडून ओढून बघा, तुटलाच समजा. त्याची गुंडी करून पाकिटात ठेवा, वापरू नका. रॉड वापरायचा झाला तर साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) भरा, पण सैल हातानं. ओल्या ताणानं गच्च गुंडाळलेला तंगूस आवळत जातो आणि जुन्या रिळाची चकती वाकवू शकतो. हल्लीचा विणीचा दोरा नको, तो जुन्या कड्यांना खाचा पाडतो. आणि जिथे बसाल तिथे आधी विचारा. धरणांतले मासेमारीचे हक्क सहसा ठेक्यानं सहकारी संस्थांकडे असतात.

साळिंदराच्या काट्यांचे बोये घरात आठवण म्हणून आहेत, त्यांची विक्री कुणाच्या मनातही येऊ देऊ नका. साळिंदर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. जवळ ठेवण्याबद्दल शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारा.

जाळ्याचा रंग तांबूस-तपकिरी आहे का? मग ते कातात बुडवलेलं असणार. नायलॉन येण्याआधी सुती जाळी कुजू नयेत म्हणून खैराच्या कातात किंवा झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवायची रीत होती. साबण लावाल तर तो रंगही जाईल आणि सूतही. साध्या पाण्यातून काढा, सावलीत पसरून वाळवा. टांगू नका, शिशाच्या ओझ्यानं जुनं सूत तुटतं. जुन्या धुतलेल्या सुती पातळात सैलसर गुंडाळा आणि लोखंडी पेटीत सगळ्यांत वर ठेवा. उंदराला दुसरं काही नाही मिळालं तर जाळं मिळतंच, म्हणून पेटीचं झाकण नीट बसतंय ना, ते पाहा.

वही अजून कुणी वाचली नसेल तर बाबांना आणि काकांना बसवून वाचा आणि ते जे बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. वाम, मरळ, शिवडा ही नावं, दारणेच्या काठावरच्या जागा, कुठल्या महिन्यात कणीक आणि कुठल्या महिन्यात गांडूळ, हे सांगू शकणारी माणसं तीनच आहेत. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधा आणि पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओल लागली की पसरते. चिकटपट्टी कशालाच लावू नका.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, कुणीतरी विचारेलच. मूळ पिशवी, मूळ व्हार्निश, न घासलेलं रीळ आणि सगळं एकत्र, या चार गोष्टींवर ती ठरते. म्हणजे विकायचं म्हणणाऱ्यालाही तुकडे करणं परवडत नाही. बैठकीत हेही सांगा.

प्रश्न : आजोबांचा मासे धरायचा बांबूचा सापळा गोठ्यात होता. उचलला की खाली पिठासारखी भुकटी पडते. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात ते लावायचे. वाचेल का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ती भुकटी म्हणजे आत भुंगेरा जिवंत आहे. बांबूतलं पिठूळ सत्त्व हेच त्याचं अन्न. आधी सापळा बाकी बांबू-लाकडापासून लांब न्या. काळ्या प्लॅस्टिकमध्ये हवाबंद बांधून उन्हाळ्यातल्या कडक उन्हात काही दिवस ठेवा, आतल्या उष्णतेनं किडा आणि अळी मरतात. मग बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून ब्रशनं सगळीकडे, विशेषतः कापलेल्या टोकांत, मुरवा. हातमोजे घाला, मुलं आणि जनावरं लांब ठेवा. वाळल्यावर भोकं मेणानं बुजवा. नवी भोकं दिसली की किडा परत आला हे कळेल. मोडलेल्या काड्या बदलायच्या तर गावातल्या बुरुडाकडून बदला, पण जुन्या काड्या फेकू नका, विणीचा नमुना त्यांच्यातच आहे. सापळा पाण्यात परत लावायचा विचार असेल तर थांबा. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काही लावू नका.

प्रश्न : वडिलांच्या वडिलांच्या शिशाच्या गोळ्या नव्या प्लायवुडच्या कपाटात ठेवल्या होत्या. त्यांच्यावर पांढरी पावडर आली आहे. नातू त्यांच्याशी खेळतो.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आजच काढून घ्या. ती पावडर शिशाचा क्षार आहे, पोटात गेली तर विषारी, आणि लहान मुलांना सर्वांत जास्त. नव्या प्लायवुडमधून आम्लाची वाफ सुटत राहते, तिनं शिसं असं फुटतं. पावडर झटकू नका, हवेत उडते. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गोळ्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला, बरणीवर ठळक अक्षरात ‘शिसं’ लिहा आणि कुलपात ठेवा. कपाटाचा तो कप्पाही ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नातवाला डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातलं शिसं तपासायचं का, ते विचारा.