टी-34 च्या आतून बाहेरचं किती दिसायचं?

प्रश्न असा आहे: 1941 मध्ये सोव्हिएत रणगाडा टी-34 ची तोफ आणि उतरतं चिलखत जर्मनांच्या पॅन्झर 3 रणगाड्यापेक्षा सरस होतं, मग तो इतका मार का खात होता? झाकण बंद केल्यावर आतल्यांना काही दिसायचं तरी का?

दिसायचं, पण फार थोडं. आणि दोष फक्त काचांचा नव्हता. माझ्या मते बघायला माणूसच मोकळा नव्हता, हे खरं दुखणं.

सुरुवातीच्या टी-34 च्या टरेटमध्ये, म्हणजे तोफ असलेल्या वरच्या फिरत्या भागात, दोघंच असत. एक गोळे भरायचा आणि दुसरा, म्हणजे कमांडर, स्वतःच नेम धरून तोफ डागायचा. नेम धरताना डोळा दुर्बिणीला चिकटलेला, त्यामुळे समोरचा चिंचोळा पट्टा सोडून बाकी रणांगण त्याच्यापुरतं नाहीसंच व्हायचं. डोकं बाहेर काढावं, तर एकच मोठं झाकण पुढच्या बाजूला उघडायचं आणि समोरचं दृश्यच अडवायचं. त्यात बहुतेक रणगाड्यांत रेडिओ नाही. बाजूने शत्रू येतोय हे शेजारच्या रणगाड्याला दिसलं, तरी सांगणार कसं?

पॅन्झर 3 मध्ये टरेटमध्ये तिघं. कमांडरला तोफेला हात लावायचाच नसायचा. डोक्यावरच्या घुमटीच्या फटींतून चहूकडे बघायचं आणि हुकूम द्यायचे, एवढंच त्याचं काम. त्यामुळे बहुतेकदा आधी तोच बघायचा.

1943 मध्ये टी-34 वरही घुमटी बसवली गेली. पण तोफ अजून कमांडरच्याच गळ्यात, मग त्या घुमटीतून बघणार कोण? खरा फरक 1944 मध्ये टी-34-85 आला तेव्हा पडला: टरेटमध्ये तिसरा माणूस आला, कमांडर मोकळा झाला.

पेरिस्कोपची गोष्ट मला फार आवडते. पोलिश अभियंता रुडॉल्फ गुंडलाख याने 1936 मध्ये फिरत्या पेरिस्कोपचं पेटंट घेतलं. बसल्या जागी, मान न वळवता मागचंही दिसायचं. ब्रिटिशांनी तो घेतला, त्यांच्याकडून सोव्हिएतांनी उचलला आणि एमके-4 या नावाने बनवला.

अर्थात घुमटी आणि पेरिस्कोप असूनही रणगाड्याच्या अगदी लगतची जमीन दिसत नाही; सुरुंग घेऊन जवळ आलेला पायदळाचा सैनिक तिथेच लपतो. उघड्या डोळ्यांची सर तर कशालाच येत नाही. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात गोलान टेकड्यांवर इस्रायली रणगाड्यांचे कमांडर डोकं बाहेर ठेवूनच लढत होते. त्यातले कितीतरी तसेच उभे असताना मारले गेले.