तक्त्यातली खोटी पावले

प्रिय भगिनीस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला खरा सल आरोग्याचा नसून एका आकड्याचा आहे, असे मला वाटते. तुमचे वय ४३. नोकरी, शाळेत जाणारी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असा संसार सांभाळताना येणाऱ्या सततच्या थकव्याला कंटाळून तुम्ही तीन महिन्यांपूर्वी एका हेल्थ कोचकडे नाव नोंदवले. त्यांनी रोज १०,००० पावलांचे लक्ष्य आणि नोंदीसाठी एक तक्ता दिला, आणि रोज रात्री त्यांचा ‘आज किती पावले?’ असा संदेश येतो. एकदा ४,००० पावले झाली असताना तुम्ही ९,००० लिहिलीत, फोन पालथा घातलात आणि दिवा मालवलात. तेव्हापासून तक्त्यात खोटेच आकडे जात आहेत आणि ‘मला शिस्तच नाही का?’ असे तुम्ही विचारता.

सासूबाईंच्या औषधाची एकही वेळ न चुकवणाऱ्या बाईला शिस्त नाही, हे मला पटत नाही. रात्री बारा वाजता अंग टाकणाऱ्या तुम्हाला पहाटे पाचला उठून चालायला सांगितले आहे. प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागते. म्हणजे तुमच्या व्यायामाचा वेळ तुमच्याच झोपेतून कापला गेला. घरातल्या बाकी कोणाचेही वेळापत्रक तसूभर हलले नाही.

शिवाय ज्या १०,००० पावलांपायी तुम्ही अपराधी झालात, त्या आकड्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता, आणि तो गोल आकडा पुढे जगभर रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. सलग किमान १० मिनिटे तरी हवीत, ही जुनी अटही तिने २०२० मध्ये काढून टाकली, त्यामुळे कार्यालयाचे जिने झपाझप चढण्यात गेलेली चार मिनिटेही जमेस धरायला हरकत नाही.

मात्र त्याआधी डॉक्टरांकडे जा. तीन महिने न हटणारा थकवा नियोजनाने जाईल, असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय, पण ते घसरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो, म्हणून तो साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणीही करावी का, हे विचारा. थायरॉइड, बी१२ आणि साखर यांविषयीही बोला. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल किंवा तिचे चक्र बदलले असेल, तर ते संकोच न करता सांगा. निदान करणे हे कोचचे कामच नव्हे, आणि चांगली कोच हे स्वतःहून सांगते.

आता यजमानांविषयी. ‘सांगितले की ते सगळे करतात,’ असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. पण सांगायचे काम राहिलेच की तुमच्याकडे! आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सासूबाईंचे जेवण, रात्रीची औषधे आणि संपत आलेली पाकिटे आणण्याची आठवण, हे सगळे त्यांच्याकडे पूर्णपणे सोपवा. पहिल्या आठवड्यात जेवणाला उशीर होईल, चादरीला नीट घडी पडणार नाही. तेव्हा मध्ये पडू नका. डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधाची वेळ तेवढी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. त्या तीन संध्याकाळी तुम्ही चालायला जा किंवा लवकर झोपा. निदान पहिला महिना तरी मी झोपेला झुकते माप देईन.

राहिला खोटेपणा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपींसोबतच्या कामातून संवादाची एक पद्धत मांडली, जी आज अनेक हेल्थ कोच शिकतात. दडपण आणले की माणूस अडून बसतो, म्हणून त्याची स्वतःची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, हे तिचे सार आहे. तुमच्या कोचना ही रीत अवगत आहे का, हे कळायला एक संदेश पुरे. आज रात्री त्यांना एवढेच लिहा: ‘आज ३,८००. मागचे बरेच आकडे खरे नव्हते. पहाटे पाच मला जमत नाही.’ त्यावर त्या तुमचा दिवस कसा जातो हे विचारतात की नवा तक्ता पाठवतात, ते पाहा आणि मगच पुढच्या महिन्याचे शुल्क भरा.