दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातल्या बालुले कॅम्पवर एक रात्र राहायला काय तयारी लागते?

बालुलेला वीज नाही आणि दुकानही नाही. कॅम्पवर सहा जुन्या गोल झोपड्या आहेत, त्यांना खिडक्या नाहीत, वर फक्त हवेची फट. उन्हाळ्यात आत उकडतं, म्हणून तिथला हिवाळा, जून ते ऑगस्ट, बरा.

चेक-इन ११ किलोमीटरवरच्या ऑलिफंट्स कॅम्पला होतं. लोक थेट बालुलेला जातात आणि चेक-इनसाठी परत फिरतात. लाकूड, पाणी, बर्फ ऑलिफंट्सहूनच घ्या. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्यावर ४०. फाटक बंद व्हायच्या वेळेचा हिशेब त्यावरूनच करा.

हेडटॉर्च हवाच. जेवण उघड्यावर ठेवलंत तर माकडं नेतील. रात्री कुंपणालगत तरस फिरतात, त्यांना हाडं टाकू नका. हा मलेरियाचा भाग आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा.