जीपीएसवर चालणारे एवढे अचूक बॉम्ब असताना शहरातल्या लढाईत इतके सामान्य लोक का मरतात?

बॉम्ब अचूक पडतो हे खरंच आहे, तो काही नुसता प्रचार नाही. जेडॅम किट (साध्या बॉम्बला जीपीएसने नेम धरायला लावणारं यंत्र) लावलेला बॉम्ब जीपीएस सिग्नल नीट मिळत असेल तर साधारण ५ मीटरच्या आत पडतो, १५५ मिमी तोफेचा जीपीएसवाला एक्सकॅलिबर गोळा पण तसाच, आणि साधा गोळा लांब पल्ल्यावर शे-दोनशे मीटर सहज चुकतो. पण अचूक म्हणजे दिलेल्या कोऑर्डिनेटवर, म्हणजे नकाशावरच्या ठिकाणावर, अचूक. त्या घरात कोण आहे हे बॉम्बला कुठून कळणार?

इराकमधल्या मोसुल शहराचं उदाहरण घ्या. १७ मार्च २०१७, अल-जदिदा भाग. एका घराच्या वरच्या भागात आयसिसचे दोन स्नायपर होते, इराकी सैन्याने मदत मागितली आणि अमेरिकन विमानाने ५०० पौंडी जीबीयू-३८ (जेडॅम किट लावलेला बॉम्ब) टाकला, तो जिथे टाकायचा तिथेच पडला. फ्यूज मुद्दाम डिले ठेवला होता, म्हणजे वरच्या मजल्यात शिरून फुटावा आणि बाकी घर वाचावं. पण खालच्या मजल्यांवर आसपासची कुटुंबं येऊन लपली होती आणि हे ना इराकी सैन्याला माहीत होतं ना बॉम्ब टाकणाऱ्यांना, कारण खराब हवेमुळे आधीचे दोन दिवस वरून नजर ठेवता आली नव्हती. अख्खी इमारत कोसळली, शंभराहून जास्त लोक गेले. अमेरिकेच्या चौकशीत आलं की घरात आयसिसने ठेवलेली स्फोटकंही फुटली, तिथल्या काही लोकांना मात्र ते मान्य नव्हतं. काहीही असो, नेमात चूक नव्हती, आणि मला हीच केस सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

दुसरं म्हणजे कोऑर्डिनेटमधली टार्गेटची उंची. गावाबाहेर मोकळ्या जागेत ती चुकली तर फार बिघडत नाही, पण शहरात बॉम्ब ४५ अंशात तिरका येत असेल आणि तुम्ही दिलेली उंची १० मीटर म्हणजे तीनेक मजले चुकली, तर तो आडवाही १० मीटर सरकतो, म्हणजे सरळ शेजारच्या घरात. आणि ५०० पौंडी बॉम्बमध्ये ८५-९० किलो स्फोटक असतं, ते नेमकं जरी फुटलं तरी भिंतीपलीकडच्या माणसाला काय उपयोग? म्हणून मला वाटतं गायडन्सपेक्षा बॉम्ब केवढा घेतला यावर जास्त बोलायला हवं. कमी स्फोटकाचे बॉम्ब आहेत, २०११ ला लिबियात तर फ्रान्सने स्फोटकाऐवजी काँक्रीट भरलेलेही वापरले.

बाकी जॅमिंगचं थोडक्यात सांगतो, युक्रेनमध्ये रशियाने जीपीएस जॅम केल्यावर, म्हणजे सिग्नल अडवल्यावर, एक्सकॅलिबरची अचूकता खूप घसरली, त्यामुळे ५ मीटर हा आकडाही सगळीकडे धरून चालता येत नाही. आणि जिथे गायडेड गोळे पुरत नाहीत तिथे साधी तोफ सुरू होतेच, २०१७ ला सीरियातल्या रक्का शहराच्या लढाईत अमेरिकन मरीनच्या तोफखान्याने पाचेक महिन्यांत ३० हजारांच्या वर गोळे टाकले होते.