डर्क पिट वाचायचाय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : नमस्कार ताई, या उन्हाळ्यात एकच मोठी अ‍ॅडव्हेंचर थ्रिलर सिरीज धरून वाचायची असं ठरवलंय. मित्राने क्लाइव्ह कसलरची डर्क पिट सिरीज सुचवली. पण पुस्तकं वीसच्या वर, आणि पहिलं कुठलं यावरच घोळ, कुणी १९७३ चं म्हणतं कुणी १९८३ चं. क्रमाने नाही वाचलं तर मजा जाते का?

उत्तर : घोळ होणारच, कारण दोघंही बरोबर आहेत. 'पॅसिफिक व्होर्टेक्स' कसलरने आधी लिहिलं पण ते छापून आलं १९८३ ला, आणि 'मेडिटेरेनियन केपर' नंतर लिहूनही १९७३ लाच आलं. माझं ऐकाल तर दोन्ही सध्या बाजूला ठेवा, तिथे लेखकाचा हात अजून बसलेला नाही आणि पहिल्याच पुस्तकात कंटाळलात तर पुढची सगळी गंमत हुकेल.

सरळ 'रेझ द टायटॅनिक' घ्या. १९७६ चं पुस्तक, बुडालेली टायटॅनिक समुद्राच्या तळातून वर काढायची, का तर तिच्यात एक दुर्मिळ खनिज आहे अशी खात्री. आता गंमत बघा, खरी टायटॅनिक सापडली १९८५ ला, जवळजवळ ३८०० मीटर खोल आणि दोन तुकड्यांत, म्हणजे पुस्तक लिहिताना ती कुठे आणि कशी पडलीय हे कुणालाच माहीत नव्हतं!! हे डोक्यात ठेवून वाचलं ना की 'चुकीचं लिहिलंय' असं वाटत नाही, उलट त्या माणसाच्या कल्पनेचं कौतुक वाटतं.

त्यानंतर 'सहारा', १९९२ चं, माझं सगळ्यात लाडकं. सुरुवात होते अमेरिकन यादवी युद्धातल्या एका चिलखती युद्धनौकेपासून आणि पुढची गोष्ट मात्र वाळवंटात, आता या दोघांचा संबंध काय हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही. जुन्या काळातलं एक प्रकरण आधी आणि मग आजची गोष्ट ही त्याची ठरलेली पद्धत आहे, म्हणून ती सुरुवातीची पानं अजिबात गाळू नका, शेवटी सगळं तिथेच येऊन जुळतं.

आणि हा माणूस नुसता लिहीत बसला नाही हो, कादंबरीत पिट जिथे काम करतो त्या 'नुमा' या समुद्र-संशोधन संस्थेच्या नावाने त्याने १९७९ ला खरीच संस्था काढली, बुडालेली जहाजं शोधायला. १८६४ मध्ये बुडालेली हनली पाणबुडी १९९५ ला त्यांच्याच मोहिमेत सापडली. म्हणून समुद्राखालचे प्रसंग इतके खरे वाटतात.

क्रमाचं म्हणाल तर प्रत्येक पुस्तकातली मोहीम त्याच पुस्तकात संपते, त्यामुळे मधलं कुठलंही उचला. फक्त २००० नंतरची शेवटी ठेवा, पिटच्या घरच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडते ती आधी कळायला नको. २००४ पासून कसलरचा मुलगा डर्क सहलेखक होता, नायकाला नाव त्याचंच दिलेलं.

एक सांगते, जुन्या पुस्तकांत बायकांबद्दलचं लिखाण काही ठिकाणी खटकतं, मलाही खटकलं. 'सहारा' आवडलं तर पुढे १९९४ चं 'इन्का गोल्ड' घ्या, आणि कसं वाटलं ते नक्की कळवा.