लाँगबोवर सगळे बाण डावीकडे जातायत? आधी बाण तपासा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वर्षभर रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं आधुनिक धनुष्य) बेअरबो, म्हणजे नेम धरायचं साधन न लावता, शूट केलं, पोर्ट्समथ राउंडला (20 यार्डांवरून 60 बाणांची फेरी) सव्वाचारशेच्या आसपास गुण येत होते, मग हौसेने इंग्लिश लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीचं उंच लाकडी धनुष्य, घेतला आणि आता 20 यार्डांवर सगळे बाण डावीकडे. क्लबातले म्हणतात, लाँगबो असाच असतो, सवय होईल. आणि तुम्ही विचारताय की लाँगबो मुळातच कमी अचूक असतो का, आणि धनुष्य विकून टाकू का.

विकू नका. नऊ वर्षांपूर्वी मी नेमका इथेच अडकलो होतो. रिकर्व्हला 430, लाँगबोला पहिल्यांदा 190. तेही 60 बाणांत 600 पैकी.

आधीच सांगतो, मी प्रशिक्षक नाही. खाली लिहिलेलं उजव्या हाताने शूट करणाऱ्यासाठी आहे, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं. स्टान्स (उभं राहण्याची पद्धत), अँकर (ओढलेली दोरी चेहऱ्यावर जिथे टेकवतो ती जागा) वगैरे तुम्हाला येतच असणार, त्यात जात नाही.

माझी चूक बाण घेताना झाली. धनुष्यावर लिहिलं होतं 45 पाउंड, 28 इंचांवर, म्हणजे दोरी 28 इंच ओढली की 45 पाउंडांचा ताण. दुकानातल्या माणसाने एवढंच विचारलं, "किती पाउंडाचं?" मी म्हटलं 45. त्याने 45-50 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा, लाकडी बाणांत तो किती पाउंडांच्या धनुष्याला जुळतो तसा सांगतात) दोन डझन लाकडी बाण काढून दिले आणि 27 इंचांवर कापूनही दिले. माझा ड्रॉ किती, म्हणजे मी दोरी किती मागे ओढतो, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. माझा ड्रॉ 26 इंचांचा. इंचामागे दोन-अडीच पाउंड कमी धरले तर माझ्या बोटांवर येत होते जेमतेम 40. त्यात बाण कापला की तो आणखी ताठ होतो, इंचामागे साधारण पाच पाउंडांनी. म्हणजे 40 पाउंडांच्या धनुष्यावर मी पन्नाशीच्या वरचे बाण सोडत होतो.

रिकर्व्हवर हे बरंचसं खपून जातं. तिथे रायझरची (मुठीच्या मधल्या भागाची) बाण टेकवायची खिडकी मध्यापर्यंत, कधी मध्याच्याही पलीकडे कापलेली असते, त्यामुळे बाण जवळजवळ सरळ रेषेत सुटतो. इंग्लिश लाँगबोला खिडकीच नाही. बाण मुठीच्या बाजूला, तुमच्या बोटाच्या पेरावर टेकलेला असतो आणि त्याचं टोक मुळातच डावीकडे पाहत असतं. दोरी मात्र धनुष्याच्या मध्याकडे धावते. अशा वेळी बाणाने वाकून मुठीला वळसा घालायचा आणि मग सरळ व्हायचं असतं. ताठ बाण वाकत नाही, मूठ त्याला डावीकडे ढकलते आणि तो तसाच जातो. त्यात माझी दोरी डेक्रॉनची, ताणली जाणारी. ती बाणाला ढकलते कमी, म्हणजे बाण आणखी मऊ हवा होता.

पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. पण मी आठ महिने स्वतःलाच दुरुस्त करत बसलो. आधी अँकर तोंडाच्या कोपऱ्यावरून हनुवटीखाली नेला. मग स्टान्स उघडला. मग मनगट आत वळवून बाण उजवीकडे ढकलायला लागलो. त्याने बाणांचा गट मध्याकडे सरकला, पण फुटला, आणि डावं कोपर दुखायला लागलं ते वेगळंच. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनाला बजावत राहिलो, आणि माझं अंगण खरंच वाकडं होतं. दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं, "लाँगबो म्हणजे असंच, मजा म्हणून मारायचं." हे वाक्य आठवलं की आजही संताप होतो. ज्याने शेकडो लोकांना बाण विकलेत त्याने एक इंचपट्टी काढायला काय हरकत होती? योग्य बाण मिळाल्यावरही ती मनगटाची खोड सुटायला आणखी सहा महिने गेले.

म्हणून फॉर्मला (शूट करायच्या पद्धतीला) हात लावायच्या आधी एवढं करा. एका बाणाची पिसं काढा, पिसांच्या वजनाएवढी चिकटपट्टी त्याच जागी गुंडाळा आणि 10-12 यार्डांवरून पिसांचे तीन आणि हा एक असे सोडा. बिनपिसांचा सारखा डावीकडे पडला तर बाण ताठ आहे. तो बाकीच्यांबरोबरच पडला आणि तरी सगळे डावीकडे असतील, तर मग रिलीज (दोरी कशी सोडता) आणि डोळा (कोणत्या डोळ्याने नेम धरता) बघा. बाण ताठ निघाला तर लगेच नवा डझन घेऊ नका. 100 ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) जागी 125 ग्रेनचं टोक लावून बघा, जड टोकाने बाण मऊ वागतो. तेवढ्याने भागलं नाही तर वेगवेगळ्या स्पाइनचे दोन-दोन बाण, न कापता, मागवा. माझा शोध 35-40 स्पाइनच्या गटात, 28 इंचांवर थांबला.

आता तुमचा मूळ प्रश्न, लाँगबो मुळातच कमी अचूक का? माझं मत, हो, थोडा. पण लोक सांगतात तेवढा नाही. रिकर्व्हची मूठ हाताला दर वेळी त्याच जागी बसवते. लाँगबोत हात दोन मिलिमीटर वर-खाली झाला की बाणाची उंचीच बदलते, कारण हातच बाणाचा टेकू आहे. मी मुठीवर दोऱ्याचा एक वेढा बांधलाय, बोट तिथे टेकवतो. तुम्हीही बांधा, फार फरक पडतो. शिवाय हे धनुष्य हलकं, सुटताना हाताला झटका देतं आणि बाण सावकाश जातो, म्हणून 50 यार्डांपुढे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बाण जमिनीत. आणि लाकडाचे बारा बाण कधीच सारखे नसतात. मी वजन करून दहा ग्रेनच्या आतले वेगळे काढतो. हे सगळं सांभाळून आज 380 च्या आसपास येतात. रिकर्व्हला मी अजूनही पन्नासेक गुणांनी पुढेच असतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

लोक मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेचा दाखला देतील. 1545 मध्ये बुडालेल्या त्या जहाजातून सव्वाशेच्या वर अखंड धनुष्यं निघाली, त्यांचा ताण शंभर पाउंडांच्या पुढचा मानतात. ती युद्धाची हत्यारं होती. ते वाचून 60 पाउंडाचं धनुष्य घ्यायला जाऊ नका. उलट तुमचंही 45 चं असेल तर शिकायला 35 चं उसनं मिळतंय का बघा.

अजून एक, स्पाइनशी संबंध नाही पण सांगतोच. लाकडी बाण प्रत्येक फेरीनंतर हलका वाकवून, कानाशी धरून बघा. करकर आवाज आला तर मोडून टाका, पुन्हा दोरीला लावू नका. पावसात पिसं बसली की बाण भरकटतो, त्यावरून फॉर्म जोखू नका. धनुष्य दोरी चढवलेलं ठेवू नका, उन्हात गाडीत तर अजिबात नाही.

धनुष्यावर लिहिलेले आकडे, तुमचा मोजलेला ड्रॉ (दुसऱ्याकडून मोजून घ्या, स्वतः मोजला की हमखास जास्त येतो), बाणाची लांबी, स्पाइन आणि टोकाचं वजन इथे टाका. शनिवारी सकाळी बसून बघतो.